ड्वार्फी स्टेनला जायचंय? हॉय बेटावरच्या कोरीव थडग्यापर्यंतची वाट

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातलं डोंगराळ बेट म्हणजे हॉय. नॉर्स लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच ‘उंच बेट’. या हॉयवर, कड्याखालच्या ओसाड खोऱ्यात, एक तांबूस वालुकाश्माची शिळा एकटीच पडलेली आहे. लांबी साडेआठ मीटरच्या आसपास, रुंदी चारेक मीटर, उंची माणसापेक्षा थोडी जास्त. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, त्या बेटांवर धातू माहीत नसताना, कुणीतरी दगडानं दगड फोडत या शिळेच्या पोटात एक बोळ आणि दोन कोनाड्यांसारख्या खोल्या कोरल्या. तिचं नाव ड्वार्फी स्टेन. ‘स्टेन’ म्हणजे तिकडच्या बोलीत दगड.

ऑर्कनीत प्रागैतिहासिक थडगी पुष्कळ आहेत, पण ती पातळ फरश्या एकावर एक रचून बांधलेली. अखंड दगडात कोरलेलं हे एवढंच, आणि अख्ख्या ब्रिटनमध्येही हे एकमेव मानलं जातं. कार्ले-भाजे बघत वाढलेल्या माणसाला कोरलेल्या दगडाचं अप्रूप वाटायला नको, पण इथे वाटतं. आपली लेणी लोखंडी छिन्नीनं खोदलेली आणि वयानं याच्या निम्म्याहूनही कमी.

मी एडिंबरोत राहते आणि इथे दोनदा गेले. पहिल्यांदा दहा मिनिटं थांबले, फोटो काढले आणि पुढच्या ठिकाणाकडे पळाले. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले आणि अडीच तास तिथेच होतो. हा लेख त्या दुसऱ्या फेरीच्या अनुभवावर लिहिते आहे. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर सरळ दुसऱ्या फेरीसारखंच जा.

ऑर्कनीपर्यंत

भारतातून येणाऱ्यांना वेगळा परवाना लागत नाही, ब्रिटनचा व्हिसा पुरतो. तिथून तीन-चार वाटा आहेत. एडिंबरो, ग्लासगो, ॲबर्डीन आणि इन्व्हरनेसहून कर्कवॉलला, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावाला, छोटी विमानं जातात. ॲबर्डीनहून कर्कवॉलची बोट सहा तास घेते. गाडी घेऊन येणाऱ्यांना गिल्स बे ते सेंट मार्गारेट्स होप ही तासाभराची बोट सोयीची. आणि मला सगळ्यात आवडणारी वाट अशी: इन्व्हरनेसहून थर्सोपर्यंत चार तासांची संथ रेल्वे, तिथून जवळच स्क्रॅब्स्टर बंदर आणि तिथून दीड तासात ऑर्कनीतलं स्ट्रॉमनेस बंदर. या बोटीच्या वाटेवर हॉयचे पश्चिमेकडचे कडे दिसतात आणि ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा समुद्रात उभा असलेला १३७ मीटरचा सुळका दिसतो. थंडी असली तरी त्या वेळी डेकवर या.

मुक्काम शक्यतो स्ट्रॉमनेसमध्येच करा. हॉयची पायी जाणाऱ्यांची बोट तिथूनच सुटते, आणि सकाळच्या बोटीसाठी कर्कवॉलहून धावपळ करण्यात अर्थ नाही. हॉयवरही राहता येतं, पण जागा थोड्या आणि उन्हाळ्यात लवकर भरणाऱ्या.

कधी जायचं? मे ते ऑगस्ट. जूनमध्ये तिथे दिवस अठरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम सहा तासांचा. उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा समजू नका. जुलैच्या दुपारीही पारा पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि वारा अंगातून आरपार जातो.

हॉयची बोट

इथे दोन बोटी आहेत आणि नवखी माणसं नेमकी इथेच गोंधळतात. स्ट्रॉमनेसहून ग्रेमसी बेटाला टेकून हॉयच्या उत्तर टोकाला, मोनेसच्या धक्क्याला जाते ती छोटी बोट. ती पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते, आणि थडग्याला हीच जवळची. दुसरी बोट ऑर्कनीच्या मुख्य बेटावरच्या हूटनहून हॉयवरच्या लायनेसला जाते. तिच्यात गाडी नेता येते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. लायनेस बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे आणि तिथून थडगं सुमारे पंधरा किलोमीटर. बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर गाडीची बोट घ्या. दोन्ही महायुद्धांत लायनेसला ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ होता आणि आता धक्क्याजवळ त्याचं संग्रहालय आहे. त्यालाही तासभर द्यावा.

वेळापत्रकाकडे नीट बघा. ते ऋतूप्रमाणे बदलतं, शनिवार-रविवारचे रकाने वेगळे असतात, आणि वारा वाढला तर फेरी रद्द होते. पहिल्या खेपेला मी शनिवारी गेले आणि परतीची वेळ सोमवार ते शुक्रवारच्या रकान्यातली वाचली. मोनेसच्या धक्क्यावर आले तेव्हा बोट नव्हती, पाऊस होता, आणि पुढच्या बोटीला अडीच तास होते. तेव्हापासून मी त्या दिवसाच्या फेऱ्या कागदावर लिहून खिशात ठेवते. बेटावर फोनला रेंज कुठे मिळते, कुठे नाही, म्हणून फोनवर भिस्त नको. शेवटच्या बोटीच्या आधीच्या बोटीनं परतायचं असं ठरवून निघा. काही चुकलंच तर एक बोट हातात राहते.

आदल्या दिवशी आणखी एक काम करा: हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या स्मारकं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ड्वार्फी स्टेनचं पान उघडून पाहा. ही जागा त्यांच्या देखरेखीत आहे. तिकीट नाही, दार नाही, रखवालदार नाही, पण दुरुस्तीसाठी किंवा दुसऱ्या कारणानं वाट बंद असेल तर ते तिथे कळतं.

पिशवीत काय

घोट्यापर्यंत येणारे, पाणी आत न घेणारे बूट. वारा अडवणारा रेनकोट, कारण छत्री तिथे पाच मिनिटंही टिकत नाही. पूर्ण लांबीची विजार, कारण रांगायचं आहे आणि गवतात गोचीडही असतात. विजारीचं टोक मोज्यांत खोचा, दिसायला कसंही दिसो. गुडघ्यांखाली घ्यायला जाड टॉवेलची घडी किंवा फोमचा तुकडा. हातात धरायची विजेरी, आणि ती फोनचीच नको. का, ते पुढे सांगते. मिज नावाचे चिलटांपेक्षाही बारीक किडे वारा पडला की ढगानं येतात, त्यांच्यासाठी अंगाला लावायचं मलम आणि जमल्यास डोक्यावर ओढायची बारीक जाळी.

आणि डबा. मोनेस ते थडगं या वाटेवर दुकान नाही, हॉटेल नाही. शाकाहारी असाल तर कुणाच्या भरवशावर राहूच नका. आम्ही स्ट्रॉमनेसच्या मुक्कामी पोळ्या लाटल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, थर्मासमध्ये चहा भरला. शौचालयाचंही स्ट्रॉमनेसहून निघतानाच उरकून घ्या. दगडाजवळ ती सोय नाही आणि झुडपाचा आडोसाही नाही.

मोनेसहून चालत

धक्क्यावरून एकच रस्ता वर चढतो. त्यानं निघून पुढे रॅकविक या किनाऱ्यावरच्या वस्तीच्या फाट्याला लागायचं. उन्हाळ्यात बोटीच्या वेळी रॅकविकला जाणारी मिनिबस मिळू शकते, आदल्या दिवशी चौकशी करा. चालत गेलात तर साधारण साडेचार-पाच किलोमीटर, म्हणजे रमतगमत सव्वा तास. रस्ता डांबरी आणि बहुतेक रिकामा. उजव्या हाताला वॉर्ड हिल, ऑर्कनीतला सगळ्यात उंच डोंगर, ४८० मीटरच्या आसपास. डाव्या हाताला ड्वार्फी हॅमर्स नावाचे काळपट कडे. आपली शिळा याच कड्यांवरून कधीकाळी सुटून खाली आली.

या कड्यांवर पांढऱ्या शेपटीच्या सागरी गरुडांच्या जोडीनं घरटं केलं होतं आणि २०१८ मध्ये पिल्लं काढली. ऑर्कनीत जवळपास दीडशे वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. घरट्यामुळे कुठे थांबू नका असा फलक लागला असेल तर मुकाट्यानं पाळा. दुसरा पक्षी बॉन्क्सी, म्हणजे मोठा स्कुआ. उन्हाळ्यात त्याच्या पिल्लांच्या जवळ गेलात तर तो थेट डोक्यावर झेपावतो. काठी डोक्याच्या वर उभी धरा आणि शांतपणे वाट बदला, तो काठीच्या टोकाकडे जातो. बर्ड फ्लूमध्ये हे पक्षी फार मोठ्या संख्येनं मेले, म्हणून मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. थंडीत गेलात तर पांढरे झालेले डोंगरी ससे दिसतील. ऑर्कनीत ते फक्त हॉयवर आहेत.

रस्त्याच्या डाव्या बाजूला थडग्याचा फलक दिसतो. तिथून आत पायवाट आहे, सहा-सातशे मीटरची, काही ठिकाणी फळ्या टाकलेल्या. फळ्या सोडून उतरू नका. बाजूची जमीन हिरवी आणि घट्ट दिसते, पण ती पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची, दलदल आहे. शॉर्टकट मारायला जाणाऱ्याचा पाय घोट्याच्या वरपर्यंत जातो आणि बूट आत राहतो. फळ्या ओल्या असतील तर बर्फासारख्या निसरड्या होतात, म्हणून पाऊल आडवं टाका.

शिळा लांबून लहान वाटते. कड्यासमोर सगळंच लहान दिसतं. अगदी जवळ गेल्यावर, दारासमोर पडलेला चौकोनी धोंडा दिसतो तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं, की ही नुसती दरड नाही, हे कुणीतरी बंद केलेलं दार होतं.

आत जाण्याआधी

लगेच आत शिरू नका. एक फेरी बाहेरून मारा. दारासमोरचा तो धोंडा पूर्वी दाराच्या तोंडात बसवलेला होता. वर पाहिलंत तर छताला एका जागी काँक्रीटचं ठिगळ दिसेल. तिथे पूर्वी भोक होतं. बेटावरची जुनी गोष्ट अशी की आत राक्षस आणि त्याची बायको राहत, दुसऱ्या राक्षसानं दारात धोंडा लावून त्यांना कोंडलं, आणि आतल्यानं छत कुरतडून सुटका करून घेतली. शिळेबद्दलचं लेखन सोळाव्या शतकापासून सापडतं. म्हणजे लोक हा दगड बघून निदान पाचशे वर्षं विचारात पडलेले आहेत.

आता शिळेच्या दक्षिण अंगाला या आणि अक्षरं शोधा. इथे फारसी लिपीत एक ओळ कोरलेली आहे, आणि जवळच एक नाव उलट क्रमानं. विल्यम माउन्सी नावाचा, फारसी शिकलेला एक ब्रिटिश माणूस १८५० साली इथे येऊन राहिला. फारसी ओळीचा अर्थ: दोन रात्री बसलो आणि सबुरी शिकलो. मिजच्या चाव्यांनी त्याला ती शिकवली, असं सांगतात. आपल्याकडे ‘सबुरी’ हा शब्द त्याच भाषेच्या वाटेनं आला. जुन्या दफ्तरांतून ज्या लिपीची आपल्याला ओळख, ती स्कॉटलंडच्या दलदलीत एका दगडावर भेटते. मला ती ओळ वाचता येत नाही, पण आकार ओळखता आले, आणि आईनं दोन बोटं त्या अक्षरांच्या वरून, न टेकवता, उजवीकडून डावीकडे फिरवली.

हे वाचून कुणाला स्वतःचं नाव कोरावंसं वाटेल, म्हणून स्पष्ट सांगते: हे संरक्षित स्मारक आहे, ओरखडा काढणंसुद्धा गुन्हा आहे. माउन्सीची अक्षरं आज आपण वाचतो, तरी त्यानं केलं ते आपण करायचं नाही.

आत

दार साधारण मीटरभर रुंद आणि तेवढंच उंच. पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा, गुडघ्यांखाली घडी घ्या, डोकं खाली ठेवून रांगत शिरा. बोळ जेमतेम सव्वादोन मीटर लांब आहे. डावी-उजवीकडे एकेक खोली, मध्ये दगडाचाच सोडलेला उंबरठा. खोलीत उभं राहता येत नाही, पाय दुमडून बसता येतं. एका वेळी दोघांनीच जावं.

बंद जागेची भीती असेल तर आदल्या दिवशी स्ट्रॉमनेसजवळच्या अन्स्टनच्या थडग्यात जाऊन बघा. तिथेही वाकून शिरावं लागतं, पण आत उभं राहायला जागा आहे आणि नव्या छतातून उजेड येतो. ते जमलं तर हे जमेल. इथे दार कायम उघडं असतं आणि कुठूनही दोन हातांवर असतं, हे मनाला आधी सांगून ठेवा. आणि नाहीच जमलं तरी दारात बसून आतलं जवळजवळ सगळं दिसतं.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं विजेरी लावू नका. डोळे सरावू द्या. उजव्या हाताच्या खोलीत एका टोकाला दगडाचा उंचवटा सोडलेला आहे, उशीसारखा. तो कशासाठी, यावर तर्कच आहेत, पण हात ठेवला की मन आपोआप उशीच म्हणतं. मग विजेरी घ्या आणि ती भिंतीवर समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवी धरा. फोनचा उजेड सपाट पडतो, त्यात काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र भिंत एकदम जिवंत होते: शेकडो बारीक खळगे, एकाशेजारी एक, प्रत्येकाला इवलीशी सावली. हे दगडी हत्याराचे घाव आहेत. कोपऱ्यात ते दाट होतात, कारण तिथे हात फिरायला जागा नव्हती आणि कोरणाऱ्याला छोटे छोटे घाव घालावे लागले. छताकडे त्यांची दिशा बदलते. तिथे तो माणूस बहुधा पाठीवर झोपून वर घाव घालत असणार आणि दगडाची भुकटी तोंडावर घेत असणार. १८४६ साली ह्यू मिलर इथे येऊन गेले, त्यांचंही नाव आत कोरलेलं आहे. ते भूगर्भशास्त्राकडे वळण्याआधी दगड घडवणारे कारागीर होते. या भिंती त्यांनी कशा नजरेनं पाहिल्या असतील, असं मला दर वेळी वाटतं.

इथे कोण पुरलं होतं ते कळायला मार्ग नाही. आत हाडं किंवा भांडी सापडल्याची नोंद नाही, आणि काळही बाकीच्या थडग्यांशी तुलना करूनच ठरवलेला आहे. शेजारच्या बेटांवर मात्र असा पुरावा आहे. कर्कवॉलजवळच्या क्यूवीनच्या थडग्यात माणसांच्या कवट्यांबरोबर चोवीस कुत्र्यांच्या कवट्या निघाल्या. राउझे बेटावरच्या मिडहाओमध्ये पंचवीस माणसांचे अवशेष निघाले. ती सगळी घरच्यांनी ठेवलेली माणसं असावीत. आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची वर्तुळं पाहिली असतील तर ही भावना ओळखीची वाटेल. तिथेही शेताच्या बांधाबाहेर कुणाचे तरी पूर्वज आहेत.

आई दाराशी आली तेव्हा खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मी म्हटलं, “आई, दगड ओला आहे, घसरशील.” ती म्हणाली, “कुणाला तरी झोपवलंय ना इथे? मग बूट घालून कशी जाऊ?” लोकरीच्या मोज्यांवर ती रांगत गेली, उजव्या खोलीत टेकली आणि काही वेळानं हलक्या आवाजात गुणगुणायला लागली. तेव्हा मला या दगडाचा तो गुण कळला. एका ठरावीक पट्टीत सूर धरला की भिंती तो उचलतात आणि आवाज छातीत घुमतो. तुम्हीही करून बघा. मोठ्यानं नको, खालच्या षड्जावर ओठ मिटून, सावकाश वर सरकत. पट्टी आपोआप सापडते. बाहेर कुणी थांबलं असेल तर मात्र आधी त्यांना विचारा.

बुटांचं म्हणाल तर मी तुम्हाला ते काढा असं सांगणार नाही. मोजे ओले झाले आणि परतीच्या वाटेवर तिचे पाय गारठले. काढायचेच असतील तर जास्तीचे मोजे न्या.

फुलं, नाणी, हळदकुंकू, उदबत्ती, मेणबत्ती यातलं काही ठेवू नका. भावना खरी असली तरी मेणाचा आणि काजळीचा डाग दगडावरून निघत नाही. हात जोडायला काहीच हरकत नाही.

वेळेचा हिशेब

बोटीतून उतरल्यापासून जाऊन-येऊन चालायला अडीच तास, थडग्यापाशी दीड तास, डब्याला अर्धा तास. म्हणजे साडेचार तास हातात हवेत. ‘ओल्ड मॅन’सुद्धा त्याच दिवशी करायचा मोह होईल. रॅकविकहून तो जाऊन-येऊन तीन तासांचा वेगळा ट्रेक आहे. दोन्ही एका दिवसात कोंबले की थडग्याच्या वाट्याला दहा मिनिटंच येतात, माझी पहिली फेरी तशीच वाया गेली. हवामान आणि सुट्टी साथ देत असेल तर सुळक्याला दुसरा दिवस द्या. देता येत नसेल तर तो स्क्रॅब्स्टरच्या बोटीतून बघा आणि हॉयवरचा दिवस शिळेला ठेवा.

दार पश्चिमेकडे आहे. आकाश मोकळं असेल तर दुपारनंतर आत जास्त उजेड पोहोचतो, म्हणून डबा आधी खा आणि आत नंतर जा. जेवायला शिळेच्या आडोशाला, वारा नसलेल्या बाजूला बसा, पण वारा पूर्ण पडला तर तिथेच मिज जमतात. मग उठून उघड्यावर गेलेलं बरं. वर चढून बसू नका, दगड निसरडा आहे. खरकटं, कागद, संत्र्याची सालंसुद्धा परत न्या.

मोनेसला बोटीच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. आणि रात्री झोपण्याआधी, दमला असाल तरी, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीपाशी आणि मुलांच्या केसांत गोचीड बघून घ्या. सापडला तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी टेकून धरा आणि सरळ वर ओढा, पिरगळू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि हॉयवर गवतातून चालला होतात हे त्यांना सांगा.